लुपेचं डावं दार

आमच्या लुपेला कुणी मारलं असं विचारलंत, तर मी बोट कुणाकडे दाखवू? सरकारकडे दाखवावं, तर सरकारनं नुसती रस्त्याची बाजू बदलली. सेफोकडे दाखवावं, तर त्यानं आपल्या भावाकडून आपली गाडी आणली, आमच्या अंगणातून आमची पळवली नाही. लुपेला मारलं आमच्या रीतभातीनं. हसाल ऐकून. हसा, आधी मीसुद्धा हसलेच होते.

लुपे ही आमची बस. लुपे म्हणजे कबुतर, आणि चढाला लागली की ती घशातल्या घशात घुमायचीसुद्धा तशीच. लाकडी अंगाची, निळ्या रंगाची. खिडक्यांना काचा नव्हत्या, पाऊस लागला की ताडपत्र्या खाली सोडायच्या. गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली असायची, की ती वळणावर आली हे वाईमासाच्या, म्हणजे आमच्या गावच्या लोकांना दिसायच्या आधी ऐकू यायचं. डोंगराच्या पोटातलं आमचं गाव, आणि गावातून आपियाला, म्हणजे राजधानीला जाणारी ही एकच गाडी.

सासरे सांगायचे, त्यांच्या लहानपणी आपियाला पायी जायचे. खांद्यावर आडवी काठी, काठीच्या दोन्ही टोकांना तारोच्या कंदांची ओझी, आणि पायाला चिखल. मग एका व्यापाऱ्याचा ट्रक यायला लागला. तो सुकं खोबरं न्यायला यायचा, माणसं पोत्यांवर बसायची. पुढे कुणीतरी ट्रकात फळ्या आडव्या टाकल्या, कुणीतरी वर छप्पर ठोकलं, आणि असं करता करता ट्रकची बस झाली. हळूहळू गावागावाची बस झाली. प्रत्येकीचा रंग वेगळा, नाव वेगळं, गाणी वेगळी. सगळ्या जाऊन उभ्या राहायच्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ, बाजारात. सुटायची वेळ विचारायची नाही. भरली की सुटली. नाही भरली तर बंदरापर्यंत एक फेरी मारून यायची, म्हणजे लोकांना वाटतं निघालीच, आणि ते पळत येतात.

आमच्या सासऱ्यांनी चाकं, सांगाडा आणि इंजिन तेवढं विकत आणलं. वरचं सगळं अंग गावात बांधलं. पण त्यांनी सगळ्यात आधी काय बनवलं असेल? छप्पर नाही, दार नाही. एक बाकडं. त्यांच्या बहिणीसाठी. बहिणीच्या वाट्याच्या जमिनीत इफिलेलेचं एक जुनं झाड होतं. हे लाकूड माणसापेक्षा जास्त जगतं. ते झाड बहिणीनं भावाला बससाठी दिलं, म्हणून पहिल्या फळीचं तिचं बाकडं झालं, आणि मग त्या बाकड्याभोवती बस उभी राहिली.

ही बहीण म्हणजे सिना. माझ्या नवऱ्याची, पनापाची आत्या. आमच्याकडे बहिणीला भाऊ डोक्यावर घेतो, आणि भावाची पोरं तिच्यापुढे मान वर करत नाहीत. आत्यानं आशीर्वाद दिला तर घर भरतं, आत्याचं मन दुखावलं तर घराचं मूळ सुकतं, असं जुनी माणसं म्हणतात. पनापा शिकलेला, इंजिनाचा पुर्जा न् पुर्जा ओळखणारा. पण या बाबतीत त्याला विचाराल तर तो म्हणेल, ‘त्यात विचारायचं काय?’

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्या दिवशीच मला सांगण्यात आलं, की ड्रायव्हरच्या मागचं बाकडं आत्यांचं. बसमध्ये कोण कुठे बसणार हे सगळं ठरलेलं असायचं, पंचांच्या घरात कोणत्या खांबाला टेकून कोण बसणार हे ठरलेलं असतं ना, तसंच. पुढे आत्या, पाद्री, थोर माणसं. मधे बायाबापड्या. मागे पोरं, एकमेकांच्या मांडीवर, गरज पडली तर त्याही मांडीवर तिसरा. आणि बसलेल्या मोठ्या माणसापुढून जायची वेळ आलीच, तर कमरेत वाकून ‘तुलोऊ’ म्हणत जायचं. म्हणजे, माफ करा, तुमच्यापुढून चाललोय. आम्हाला हे शिकवावं लागत नाही. पोर चालायला लागतं तेव्हाच वाकायलाही लागतं.

आत्या रोज आपियाला जायच्या. कशाला? सोबत पपया किंवा कोकोच्या बियांची टोपली असायची, पण विकलं काय न् नाही काय, त्यांचं अडत नव्हतं. त्या बाजारात बसायच्या, चार गावांच्या बातम्या ऐकायच्या, एखाद्या पोरीला ‘केस बांध गं’ म्हणून दटावायच्या, आणि परत यायच्या. त्यांच्या मागच्या बाकड्यावर बसणाऱ्या माणसाला आपण आता कुणीतरी झालो असं वाटायचं.

तर सगळं बरं चाललं होतं, आणि सरकारनं ठरवलं की देशातल्या गाड्या उजवीकडून चालतात त्या आता डावीकडून चालतील. का, तर न्यूझीलंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात डावीकडून चालतात, तिथली आपली माणसं तिथल्या जुन्या गाड्या स्वस्तात पाठवतील. आता इथे ज्याचा भाऊ ऑकलंडला नाही असा माणूस दाखवा. ज्यांचे भाऊ दानशूर होते ते खूश झाले. आम्ही बसवाले आपियाला जाऊन ओरडलो, उन्हात भाजलो, घरी आलो. समुद्राला ‘मागे सर’ म्हणण्यातलाच तो प्रकार होता.

माझा धाकटा भाऊ मलाकी सुतार आहे. बढाईखोर आहे, अर्धी कामं त्याची चुकतात, पण हाताला उरक आहे. तो म्हणाला, ‘ताई, रडता कशाला? दार उजवीकडून काढायचं, डावीकडे लावायचं. कपाट आहे का बोट आहे? बसच आहे ना?’ आणि खडू घेऊन लुपेच्या डाव्या अंगाला दार काढायला गेला.

गेला तो डोकं खाजवत थांबला. आमच्या लुपेचं सुकाणू डावीकडे. म्हणजे डावीकडे सगळ्यात पुढे पनापा बसायचा. तिथे दार होणं शक्यच नाही. त्याच्यामागे एका बाकड्याएवढी जागा, आणि तिच्या मागच्या बाकड्यांखाली मोठं चाक. म्हणजे दार निघू शकत होतं ते फक्त पनापाच्या पाठीमागे. मलाकीनं तिथे खडूनं रेघ मारली. चांगली सरळ मारली, कधी नव्हे ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आल्या, उजव्या दारानं चढल्या, आपल्या जागी बसल्या. मी बाहेर उभी होते. त्या खडूच्या दाराच्या बरोब्बर मधे, खिडकीतून, आत्यांचं डोकं दिसत होतं. पांढरा अंबाडा, कानामागे फूल. मी पनापाकडे बघितलं, पनापानं माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला हसू आलं. त्याला आलं नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? जुनं दार बंद झालं की उजवीकडे तेवढीच जागा मोकळी होते. बाकडं उचलायचं, पलीकडे ठेवायचं. आत्यांनी दोन पावलं सरकून बसायचं. खरंय. मलाकीही तेच म्हणाला. पण ती उजवीकडची जागा कसली होती? पायरीची. सगळ्या गावानं तिथे पाय झटकले होते, मासळीच्या टोपल्या तिथे ठेवल्या होत्या, पोरं तिथे ओकली होती. आणि आत्यांना जाऊन म्हणायचं, की तुमच्या जागेवरून आता सगळे जा-ये करणार, तुम्ही उठा आणि जिथे आम्ही पाय पुसत होतो तिथे बसा? म्हणणार कोण?

मी म्हणणार नाही. मी सून. बाजारात माझी जीभ मासे कापते असं लोक म्हणतात, पण नवऱ्याच्या घरात सुनेनं आत्यांना ‘उठा’ म्हणणं, छे. मलाकी सुनेचा भाऊ, म्हणजे माझ्याहूनही खाली. राहता राहिला पनापा.

पनापा बोलायला गेला होता, असं नाही. एकदा पावाची लादी आणि डब्यातलं गोमांस घेऊन गेला. मांडी घालून बसला. पावसाबद्दल बोलला, फणसाच्या भावाबद्दल बोलला, आत्यांच्या गुडघ्याबद्दल बोलला. आत्यांनी विचारलं, ‘आणखी काही?’ हा म्हणाला, ‘नाही आत्या.’ घरी आला आणि पाण्याच्या टाकीवर बसून राहिला. दुसऱ्यांदा कोंबडी घेऊन गेला. तिसऱ्यांदा रिकाम्या हातानं, कारण त्याला वाटलं हातात काही असलं की आपण तेच पुढे करतो आणि बोलायचं राहतं. तिसऱ्यांदाही गुडघ्यावरच बोलून आला. त्याला मी खूप बोलले. तो म्हणाला, ‘तोंड उघडतं, आवाज येत नाही. बाबा दिसतात मला, त्या बाकड्याला तेल लावताना.’ आपलेच दात, आपलेच ओठ.

मग मी पाद्रीबाबांकडे गेले. पाद्रीबाबांचं ऐकतील त्या. पाद्रीबाबांनी सगळं ऐकून घेतलं, खूप वेळ डोळे मिटले आणि म्हणाले, ‘रविवारी बघतो.’ रविवारी ते दारावर बोलले. दार कसं अरुंद असतं, दार उघडण्यासाठी कुणाला तरी बाजूला व्हावं लागतं, बाजूला होणारा कसा धन्य. बोलले, बोलले, घामानं त्यांचा पांढरा कोट अंगाला चिकटला. सगळ्या गावाला कळलं कशाबद्दल चाललंय. माना खाली घालून सगळे चटईच्या कडा मोजत होते. शेवटी आत्यांनी सगळ्यांत मोठ्यानं ‘आमेन’ म्हटलं, आणि बाहेर पडताना पाद्रीबाबांना म्हणाल्या, ‘फार सुंदर बोललात.’ झालं. सोमवारी आत्या आपल्या जागेवर.

मग बाजू बदलायचा, सप्टेंबरातला तो सोमवार उजाडला. रेडिओवर सांगितलं, आणि देशभरच्या गाड्या उजवीकडून डावीकडे आल्या. सगळे इतके हळू चालवत होते की पायी जाणारे पुढे जात होते. आणि आमची लुपे, तिचं दार आता भर रस्त्यात उघडत होतं.

पनापानं काय करावं? प्रत्येक थांब्याला बस उभी करायची, स्वतः उतरायचं, फिरून पलीकडे जायचं, रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभं राहायचं. मागच्या गाड्या थांबल्या की मग लोक उतरणार. टोपल्या उतरणार, म्हाताऱ्या उतरणार. एखादी म्हातारी रस्त्याच्या मधेच त्याच्या हातावर भाडं ठेवून त्याच्या आईची चौकशी करणार. मग हा परत फिरून येणार, चढणार, गाडी सुरू करणार. पुढच्या थांब्याला पुन्हा तेच. आपियात लोक बघायला थांबायचे. काही हसायचे, काही ‘शाबास’ म्हणायचे. त्याचे हात संध्याकाळी खांद्यातून उचलत नसत, मी नारळाचं तेल चोळून द्यायची.

त्याच महिन्यात पलीकडच्या किनाऱ्यावर समुद्र चढून आला आणि माणसं घेऊन गेला. त्या दिवसांत लुपे तांदळाची पोती, चटया, पाणी भरून डोंगर ओलांडत होती. लुपेचं दार कुठल्या अंगाला आहे हे तेव्हा कुणी विचारलं नाही. त्या दिवसांबद्दल मी बोलणार नाही, त्यांची गोष्ट वेगळी आहे.

वर्ष संपत आलं तसा बसचा परवाना नवा करायचा आला. कचेरीतला साहेब तरुण होता, गोड बोलणारा. म्हणाला, ‘काकू, माझ्या आजोळचीही अशीच बस आहे. पण दार डावीकडे नसेल तर मी सही करू शकत नाही. उद्या कुणी चिरडलं गेलं तर?’ त्याचं काही चुकलं नव्हतं. मला तर त्याला शिव्या द्यायला एक कारण हवं होतं, तेही त्यानं दिलं नाही.

पनापा घरी आला तो मलाकीला घेऊनच. म्हणाला, ‘मागे काप.’

मलाकी म्हणाला, ‘दाजी, मागच्या चाकाच्या मागे? शेपटीत?’

‘शेपटीत काप. पुढे हात लावायचा नाही.’

मलाकीनं मागे डाव्या अंगाला दार कापलं. पुढचं उजवं दार फळ्या ठोकून बंद केलं. नवा निळा रंग दिला, तो जुन्या निळ्याशी जुळला नाही. आत्यांचं बाकडं होतं तिथेच. खडूची रेघही होती तशीच, कुणी पुसली नाही. परवाना मिळाला. पनापाला मी कितीतरी महिन्यांनी शीळ घालताना ऐकलं. त्या दिवशी मी डुक्कर कापायचं का विचारलं, एवढा आनंद झाला होता.

पण आमच्या अकला! आमच्या डोक्यात एवढं आलंच नाही, की मागे कोण बसतं.

पहिल्या दिवशी पोरं आधी चढली, नेहमीप्रमाणे मागे बसली, मांडीवर मांडी. म्हणजे दारातच. मग आत्या आल्या. आता आत्या चढताना पोरांनी बसून कसं चालेल? सगळी पोरं मांड्यांवरून उतरली. पण उभं राहून आत्यांपेक्षा उंच होणं आणखी वाईट, म्हणून सगळी खाली उकिडवी बसली. वाटच बंद झाली. आत्या थांबल्या. पोरं सरकत सरकत बाकड्यांखाली गेली. आत्या पुढे निघाल्या. मधे पाद्रीबाबांची बायको बसलेली, तिच्यापुढून जाताना आत्यांसारख्या आत्याही वाकल्या, ‘तुलोऊ’ म्हणाल्या, आणि आत्या आपल्यापुढे वाकतायत म्हटल्यावर पाद्रीणबाई लाजून उठल्या, त्या उठल्या म्हणून त्यांच्यामागच्या सगळ्या उठल्या. आत्या गुडघा धरत, एकेका बाकड्याला हात लावत, अख्खी बस चालून पुढे पोचल्या. सगळे पुन्हा बसले. आणि मग पुढच्या वळणावर एक पंच हात करून उभे. पुन्हा पोरं खाली, पुन्हा वाट बंद, पुन्हा सगळे वाकलेले, आणि पंचांना जायचं आत्यांच्या बाजूला, म्हणजे पुन्हा अख्खी बस.

कुणी चिडलं नाही. चिडण्यासारखं कुणी काही केलंच नव्हतं. सगळे आपापल्या परीनं चांगलंच वागत होते. पण इस्पितळात जायचं होतं त्यांचा नंबर गेला, दुकानांत कामाला होत्या त्या पोरींना मालकांनी ऐकवलं. पोरांना मी एकदा म्हटलं, की तुम्ही पुढे बसा, मोठे मागे बसतील, दाराजवळ सोयीचं. पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मी त्यांना चर्चच्या छपरावर चढा म्हणालेय. आणि कोण पंच शेपटीकडे बसणार होता?

तेवढ्यात सेफोचा भाऊ पावला. सेफो आमच्याच गावचा, हसरा, पोट सुटलेला. त्याच्या भावानं ऑकलंडहून त्याला जुनी बस पाठवली. पत्र्याची, काचांची, दार पुढे डावीकडे, जन्मापासूनच. तिच्यात कुठली जागा कुणाची हे अजून ठरलेलंच नव्हतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळे व्यवस्थित बसले. सेफो आमच्याकडे येऊन म्हणाला, ‘पनापा, तुझ्या वेळेला मी काढत नाही गाडी.’ पण आमची वेळ राहिली होती कुठे?

लोकही लगेच गेले नाहीत. लाजत लाजत गेले. पहिल्यांदा कामावरच्या पोरी गेल्या. मग आजारी माणसं. कुणी वळणामागे जाऊन सेफोच्या बसची वाट बघायचे, म्हणजे आमच्या अंगणातून दिसू नये. मला दिसायचे. काही बाया तर आम्हाला बरं वाटावं म्हणून जाताना लुपेनं जायच्या आणि येताना सेफोकडून यायच्या. शेवटी लुपेत रोज नेमानं चढणारं एकच माणूस उरलं. आत्या. मागून चढायच्या, रिकाम्या बसमधून बाकड्याबाकड्याला हात लावत पुढे यायच्या, आपल्या जागी बसायच्या. पनापा गाडी काढायचा. गाणी लावायचा मोठ्यानं. दोघं आपियाला जायचे आणि यायचे. बाजारात भरायची वाट बघत तो उभा राहायचा, बंदरापर्यंत फेरी मारायचा. कुणी पळत यायचं नाही.

ते बघवेना. त्याला काही म्हणवेना. ‘बंद कर’ मी म्हणायचं म्हणजे आत्यांचं जाणं बंद करायचं. आणि डिझेल काही आत्यांच्या आशीर्वादावर मिळत नव्हतं. एक दिवस इंजिनानंच हाय खाल्ली, आणि पनापानं ते दुरुस्त करायला हात घातला नाही. पुर्जा न् पुर्जा ओळखणारा माणूस, पण त्यानं झाकणसुद्धा उघडलं नाही. मी समजले.

सांगाडा आणि चाकं दुसऱ्या बेटावरच्या एका माणसानं नेली. अंग मलाकीनं फोडलं. आत्यांचं बाकडं मात्र पनापानं स्वतः सोडवलं, एकेक बोल्ट पिळून. पाठीवर घेतलं आणि आत्यांच्या घरासमोर, रस्त्याच्या बाजूला, झाडाखाली नेऊन ठेवलं. तेल लावलं. पनापाला सेफोच्याच ओळखीनं आपियातल्या एका गोदामात काम लागलं. सेफोच्या बसनं जायचा, सेफोच्या बसनं यायचा, सगळ्यात मागे, पोरांत बसून. आत्या पुन्हा आपियाला गेल्या नाहीत. सेफोनं त्यांच्यासाठी पहिली जागा राखून ठेवली होती, रोज समोर थांबून भोंगा वाजवायचा. त्या बाकड्यावर बसून हात हलवायच्या, जा म्हणायच्या.

एका संध्याकाळी मी त्यांच्यासाठी गरम कोको घेऊन गेले. त्या बाकड्यावर, मी खाली चटईवर. रस्त्याकडे बघत त्या म्हणाल्या, ‘किती वाट बघितली मी.’

मला वाटलं बसची म्हणतायत. म्हटलं, आज सेफोला उशीरच झालाय.

‘बसची नाही गं. पनापाची. पाव घेऊन आला, कोंबडी घेऊन आला. मी म्हटलं, आता म्हणेल, आता म्हणेल. आत्या, पलीकडे बसता का, एवढंच म्हणायचं होतं त्यानं. उठले असते मी.’

कोकोचा कप त्यांच्या हातात देता देता मी विचारलं, ‘तुम्हाला ठाऊक होतं?’

‘माझ्या डोक्याभोवती खडूनं दार काढलं होतं तुझ्या भावानं. आंधळी आहे का मी? पाद्रीबाबा दारावर बोलले ते सगळ्यात आधी मला कळलं. म्हणून तर आमेन मोठ्यानं म्हटलं. म्हटलं, याला धीर येईल.’

मला रागच आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यापुढे आवाज चढवला. ‘मग तुम्ही का नाही उठलात, आत्या? आपण होऊन? दोन पावलं होती!’

आत्या रागावल्या नाहीत. त्यांनी कोकोचा घोट घेतला. ‘आपण होऊन उठले असते, तर गाव काय म्हणालं असतं? पनापानं आत्याला उठवलं, म्हातारी मुकाट्यानं सरकली. कुणी त्याच्या तोंडावर बोललं नसतं, पण जन्मभर पाठीमागे बोलले असते. माझ्या भावाचं पोर आहे ते. त्याला मान खाली घालायला लावू मी? त्यानं विचारलं असतं, तर मी हसून ‘बरं’ म्हटलं असतं, चारचौघांत. मग कुणाची टाप होती?’

त्यांचंही बरोबर होतं. मी शोधून बघितलं, कुठे कुणाचं चुकलंय असं सापडतंय का, म्हणजे निदान भांडता येईल. सापडलं नाही. दोघं एकमेकांचा मान सांभाळत बसली, आणि मधल्यामधे आमची लुपे गेली.

वळणावर सेफोची बस आली. थांबली. डाव्या दारातून पनापा उतरला, आमच्याकडे यायला लागला. आत्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘त्याला सांगू नकोस,’ त्या म्हणाल्या. ‘एवढं सोपं होतं हे त्याला कळता कामा नये.’

पनापा जवळ आला, कमरेत वाकला, ‘तुलोऊ’ म्हणाला. बाकड्याचा पाय हलवून बघितला. ‘हलत नाही ना, आत्या?’ त्या म्हणाल्या, नाही रे, भक्कम आहे.

आत्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. बाकडं आमच्या अंगणात आहे, त्यावर कुणी बसत नाही. पनापा अजून सेफोच्याच बसनं जातो. जेवताना कधी लुपेचा विषय निघाला की तो न चुकता म्हणतो, ‘सगळं गेलं, पण एक बरं झालं. आत्यांना उठा म्हणायची वेळ आपल्यावर आली नाही. बाबांना तोंड दाखवता येईल मला.’

मी त्याच्या ताटात तारो वाढते आणि म्हणते, हो.